ढाल कुठून आली? फोंड्यातल्या एका पैजेचं प्रकरण

पैज लागली तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते आणि आमची गाडी बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभी होती. पंक्चर नाही, पेट्रोल संपलेलं नाही. मागच्या सीटवरचं भांडण इतकं पेटलं, की गाडी चालवणाऱ्या बँकवाल्यानं "आदीं हें सोंपयात, मागीर गाडी चलतली," म्हणत ब्रेक मारला. पणजीत 'ॲव्हेंजर्स: एन्डगेम' या मार्व्हलच्या सुपरहिरोपटाचा रात्रीचा खेळ पाहून आम्ही फोंड्याला परतत होतो. चित्रपट भारतात २६ एप्रिल २०१९ ला, शुक्रवारी लागला आणि आम्ही गेलो शनिवारी. त्या मंगळवारीच लोकसभेचं मतदान झालेलं, त्यामुळे मोठ्या पाचही जणांच्या बोटांवर शाई होती. हातवारे करून भांडताना ती सारखी दिसत होती, म्हणून हे लक्षात राहिलं.

वादाचा मुद्दा एकच. चित्रपटाच्या शेवटी स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे ढालवाला कॅप्टन अमेरिका (दुसऱ्या महायुद्धात सीरम टोचून बलवान झालेला आणि मग २०११ पर्यंत बर्फात गोठलेला सैनिक), भूतकाळातून आणलेले इन्फिनिटी स्टोन, म्हणजे अचाट शक्तीचे सहा खडे, आपापल्या काळात परत ठेवायला जातो. पाच सेकंदांत परतायचं ठरलेलं असतं. तो परतत नाही, आणि थोड्या वेळानं तळ्याकाठच्या बाकावर म्हातारा होऊन बसलेला दिसतो. मधली सगळी वर्षं त्यानं पेगी कार्टरबरोबर, म्हणजे महायुद्धातल्या आपल्या प्रेयसीबरोबर, संसार केला. हा संसार त्यानं नेमका कुठे केला? आपण अकरा वर्षं ज्या जगाची गोष्ट पाहत आलो त्याच जगात, गुपचूप? की भूतकाळात पाऊल टाकल्याबरोबर फुटलेल्या दुसऱ्याच जगात, आणि शेवटी तिथून इकडे आला?

पहिल्या मताच्या लोकांना आम्ही 'खोडवाले' म्हणू लागलो आणि दुसऱ्यांना 'फांदीवाले'. खोडवाले तिघं: बँकवाला, फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणारा माझा मावसभाऊ आणि माझी बारा वर्षांची भाची. फांदीवाले तिघं: फार्मसी शिकणारी आमची मैत्रीण, बँकवाल्याची बायको आणि मी. हरणाऱ्या पक्षानं महिनाभर सकाळच्या भाजी-पावाचे पैसे भरायचे, असं ठरलं. नवरा-बायको दोन बाजूंना असल्यामुळे त्यांच्या घरचं अर्धं बिल कसंही त्यांच्याच पाकिटातून जाणार होतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मी उच्च माध्यमिकला मराठी शिकवतो. गोष्टीचा शेवट आणि वाचक यांचं काय नातं असतं हे वर्गात सांगताना माझी नेहमी फे फे उडते. या पैजेनं मला त्याबद्दल बरंच काही दाखवलं, म्हणून प्रकरण सविस्तर मांडतो.

आधीचं एक वर्ष

सुरुवात एक वर्ष आधीची. २७ एप्रिल २०१८ ला याच गोष्टीचा आधीचा भाग, 'इन्फिनिटी वॉर', लागला. त्याच्या शेवटी खलनायक थॅनॉस सहाही स्टोन मिळवून चुटकी वाजवतो आणि विश्वातले अर्धे जीव राख होऊन उडून जातात. आमच्यापैकी कुणीही असा शेवट कल्पिला नव्हता. नायक हरतो, खलनायक शेताकडेला बसून सूर्योदय पाहतो आणि पडदा काळा. भाची तेव्हा अकराची. स्पायडरमॅन टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, मिठी मारून "मला नाही जायचं" म्हणत विरघळला, तेव्हा तिनं माझं मनगट असं धरलं की नखांचे वळ उठले. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग जेवताना म्हणाली, "मामा, ते परत येतले. कशे येतले तें सांग."

'येतील का?' असं तिनं विचारलंच नाही. येणार हे तिनं धरूनच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातली एक शंभर पानी वही काढली आणि तिच्यात सगळ्यांचे अंदाज लिहायला सुरुवात केली. प्रत्येक अंदाजाखाली आधार काय तेही लिहायचं, नुसतं 'मला वाटतं' चालणार नाही, हा मास्तरी नियम माझा. वर्षभरात चाळीसेक पानं भरली. नंतर मी ती ताडून पाहिली, त्यातलं थोडं सांगतो.

गेलेले सगळे सहा स्टोनपैकी सोल स्टोनच्या आत अडकलेत, ही सर्वांची लाडकी थिअरी होती. आधार असा की चुटकीनंतर थॅनॉसला त्याची मानलेली मुलगी गमोरा लहानगी होऊन कुठल्यातरी केशरी जगात भेटते. साफ चुकली. क्वांटम विश्वातून, म्हणजे अणूहूनही बारीक जगातून, कालप्रवास होईल, हा अंदाज मावसभावाचा. त्यानं तो जुलै २०१८ मध्ये 'ॲन्ट-मॅन अँड द वास्प' पाहून आल्यावर लिहिला, कारण त्यात त्या विश्वातून परतलेली जॅनेट ही स्कॉटला, म्हणजे ॲन्ट-मॅनला, बजावते की कालाच्या भोवऱ्यात ओढला जाऊ नकोस. अगदी बरोबर निघाला. जादूगार डॉक्टर स्ट्रेंजनं थॅनॉसला टाइम स्टोन मुद्दाम दिला, टोनीचा जीव वाचवणं हीच जिंकायची एकमेव वाट होती, हा बँकवाल्याचा. बरोबर. स्टीव्ह मरणार हा जवळजवळ सगळ्यांचा, आणि त्याखाली आधार काय, तर नटाचा करार संपला. चूक. बाहेरचा पुरावा गोष्टीच्या आतल्या प्रश्नाला लावला की असंच होतं. हे वाक्य मी त्या पानावर लाल शाईनं लिहिलं, आणि पुढं स्वतःच विसरलो. ॲन्ट-मॅन थॅनॉसच्या शरीरात मागच्या दारानं शिरून आत मोठा होणार, ही जगभर गाजलेली थिअरीही वहीत आहे. ती कुणाची ते भाचीच्या आईच्या भयानं लिहीत नाही.

वहीतून मला एक गोष्ट कळली. जे अंदाज खरे ठरले ते सगळे पडद्यावर दिसलेल्या एखाद्या बारीक गोष्टीवरून केलेले होते. स्ट्रेंजनं १,४०,००,६०५ शक्यता पाहिल्या आणि एकीतच विजय दिसला, हा आकडा लेखकांनी उगाच टाकलेला नव्हता. एन्डगेममध्ये ऐन लढाईत तो दुरून टोनीकडे पाहतो आणि एक बोट वर करतो, बोलत काहीच नाही. पणजीच्या त्या थिएटरमध्ये आमच्या रांगेत भाचीनं तेच बोट वर केलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं. वर्षभराची वही तिला त्या एका क्षणात पावली.

शनिवारची रात्र

चित्रपट १८१ मिनिटांचा. त्या आठवड्यात सगळेजण बाहेरच्या जगापासून कान झाकून फिरत होते. आधीच काही दृश्यं फुटली होती आणि दिग्दर्शक रूसो बंधूंनी जाहीर पत्र काढून शेवट फोडू नका अशी विनवणी केली होती. फार्मसीवाली आठवडाभर मोबाइलचा डेटा बंद करून कदंबाच्या बसनं पणजीला जा-ये करत होती. तरी शुक्रवारी संध्याकाळी बसमधल्या दोन कॉलेजकुमारांनी तिच्या मागच्या सीटवर बसून टोनीचं काय होतं ते बोलून टाकलं. तिनं हे आम्हाला चित्रपट संपल्यावर सांगितलं. तीन तास ती ते पोटात ठेवून आमच्या शेजारी बसली होती. मला तर तिचंच जास्त कौतुक वाटतं.

थिएटरातल्या शिट्ट्या आणि टाळ्यांचं वर्णन करत नाही, ज्यांनी तेव्हा पाहिला त्यांना ठाऊक आहे. स्टीव्हच्या हातात थॉरचा हातोडा आला तेव्हा बँकवाला सीटवर उभा राहिला. त्याची बायको त्याचा शर्ट खाली ओढत होती, एवढंच सांगतो.

नामावली संपेपर्यंत लोक बसून राहिले. मार्व्हलच्या चित्रपटात शेवटी आणखी एक तुकडा असतो, अशी सवय लागलेली. दाराशी झाडूवाल्या मावशी कंटाळून उभ्या. तुकडा नव्हताच. अगदी शेवटी काळ्या पडद्यावर लोखंडावर घाव घातल्याचे आवाज आले, ठण्, ठण्. २००८ च्या पहिल्या 'आयर्न मॅन'मध्ये टोनी गुहेत पहिलं चिलखत घडवतो, तिथले ते आवाज. जिन्यावरून उतरेपर्यंत मावसभावाची थिअरी तयार होती, की टोनी जिवंत आहे आणि कुठेतरी नवं चिलखत घडवतोय. ही थिअरी ओल्ड गोव्यापर्यंतही टिकली नाही. तो निरोपाचा आवाज होता हे त्यालाही कळत होतं. पण म्हाताऱ्या स्टीव्हचा वाद ओल्ड गोवा ओलांडूनही शिल्लक राहिला, आणि बाणस्तारीला गाडी थांबली.

दोन्ही बाजूंचे पुरावे

पुढचे पंधरा दिवस हे सगळं रोज सकाळी भाजी-पावाच्या टेबलावर चाललं. पातळ भाजी, उंडे (गोल पाव), कधी मिरची आणि मधे कॅप्टन अमेरिका. मी टिपणं काढत होतो.

फांदीवाल्यांचा पहिला पुरावा खुद्द चित्रपटातलाच. ब्रूस बॅनर, म्हणजे हल्क, सांगतो की तुम्ही भूतकाळात गेलात तर तो तुमचा पुढचा काळ होतो, आणि जिथून आलात ते आता बदलत नाही. म्हणजे मागे जाऊन काही उलटसुलट केलं तर आपलं जग जसंच्या तसं राहतं आणि जे बदलतं ते दुसऱ्या धाग्यात. चित्रपटात अशा फांद्या फुटलेल्या दिसतातही. २०१२ मधला लोकी, म्हणजे थॉरचा भाऊ, टेसरॅक्ट (एक स्टोन आत असलेला ठोकळा) उचलून पसार होतो. २०१४ चा थॅनॉस २०२३ मध्ये, म्हणजे चित्रपटाच्या चालू काळात, येतो आणि इथंच संपतो, म्हणजे त्याच्या मूळ धाग्यात तो पुढं नसणार. मग स्टीव्ह जाऊन पेगीशी लग्न करतो हा बदल नाही तर काय?

खोडवाल्यांनी एन्शंट वनला, म्हणजे डॉक्टर स्ट्रेंजच्या गुरूला, साक्षीला आणलं. ती बॅनरला हवेत रेघ काढून दाखवते, की स्टोन काढून घेतला तर फांदी फुटते आणि त्याच क्षणी परत ठेवला तर मिटते. म्हणजे फांदी फुटते ती स्टोन काढल्यानं, माणूस तिथं राहिल्यानं नव्हे. स्टीव्ह तर स्टोन ठेवायला गेला होता. ठेवून झाले, मग तो कुठं राहिला याचं काळाला काय सोयरसुतक?

खोडवाल्यांचा दुसरा पुरावा मला अजूनही बोचतो. स्टीव्ह फांदीवरून आला असता तर त्याला कालप्रवासाच्या यंत्रामार्फतच यावं लागलं असतं, म्हणजे तो यंत्राच्या चौथऱ्यावर उमटायला हवा होता. बॅनर चौथऱ्याकडे बघत घाबरून बटणं दाबत राहतो आणि स्टीव्ह मात्र मागे बाकावर बसलेला. जणू चालत आला, आपल्या पायांनी, आपल्याच जगातून. स्टीव्हचा बालमित्र बकी, त्याला तर आधीच ठाऊक असावं. पाच सेकंदांच्या प्रवासाला निघालेल्या मित्राला तो "तुझी आठवण येईल" म्हणतो, आणि म्हाताऱ्याला पहिल्यांदा पाहणाराही तोच.

बँकवाला आकड्यांचा माणूस. त्यानं कागदी रुमालावर हिशेब मांडला. जन्म १९१८. १९४५ ला बर्फात गेला तेव्हा सत्तावीस. २०११ ला बाहेर आला, २०२३ ला परत गेला, म्हणजे शरीराचं वय एकोणचाळीस. तिथून चाळीसच्या दशकाच्या अखेरीला उतरून २०२३ पर्यंत जगला तर आणखी पंच्याहत्तरेक. एकूण शंभरावर चौदा-पंधरा. "सीरम आहे, बाकावर बसलेला तेवढाच दिसतो," तो म्हणाला. फांदीवरून कधीही परतता आलं असतं, मग याच वयात का परतला? रुमालावर भाजीचा डाग पडला. तो रुमाल मी वहीत चिकटवून ठेवला आहे.

मग पेगी. 'द विंटर सोल्जर' या कॅप्टन अमेरिकाच्या आधीच्या चित्रपटात संग्रहालयात तिची १९५३ ची मुलाखत लागते. स्टीव्हनं हजारावर सैनिकांना वाचवलं, त्यातच पुढं माझा नवरा झालेला माणूसही होता, असं ती सांगते. फांदीवाल्यांना ही तोफ वाटली, कारण तिचा नवरा दुसराच कुणीतरी आहे. मावसभावानं खांदे उडवले. घरात लपवून ठेवलेल्या नवऱ्याबद्दल गुप्तहेर बाई कॅमेऱ्यासमोर दुसरं काय बोलणार? एन्डगेममधल्या १९७० च्या प्रसंगात तिच्या टेबलावर स्टीव्हचा जुना, सीरमच्या आधीचा फोटो आहे. खोडवाले म्हणाले, बघा, नवऱ्याचा फोटो. आम्ही म्हणालो, बघा, गेलेल्या माणसाचा फोटो. एकच फोटो, दोन वकील.

फार्मसीवालीनं मांडलेला मुद्दा मात्र काळाच्या नियमांचा नव्हता. ती म्हणाली, खोडवाल्यांचं खरं धरलं तर स्टीव्हला सगळं ठाऊक असताना तो गप्प बसला. बकी हायड्रा या शत्रुसंघटनेच्या तावडीत आहे हे ठाऊक. शील्ड या गुप्तहेर संघटनेच्या पोटात हायड्रा वाढतेय हे ठाऊक. १९९१ च्या डिसेंबरात त्याच बकीच्या हातून हॉवर्ड आणि मारिया स्टार्क मारले जाणार, टोनी पोरका होणार, हेही ठाऊक. आणि हा माणूस संध्याकाळी घरी रेकॉर्ड लावून बायकोबरोबर नाचतोय. "असो कॅप्टन म्हाका नाका," ती म्हणाली आणि चहाचा कप जरा जोरातच ठेवला.

टेबलावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मावसभाऊ हळू आवाजात म्हणाला, की त्याच चित्रपटाच्या नियमानं तो काही बदलूच शकत नव्हता. जे घडून गेलंय ते घडणारच. गप्प बसणं हीच त्याची शिक्षा होती. उत्तर वाईट नव्हतं, पण फार्मसीवालीला ते पटलं नाही आणि मलाही नाही.

इथं एक आडवळण घेतो. बँकवाला इतक्या त्वेषानं खोडाच्या बाजूला का, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. त्याचे वडील तारवटी, सगळं आयुष्य बोटीवर. वर्षातून दोन महिने घरी, निवृत्त झाले तेव्हा केस पांढरे. एकदा टेबलावरून सगळे उठून गेल्यावर तो मला म्हणाला, "सर, तो सगळा वेळ घरातच होता, असं असेल तर काय वाईट आहे?" मी काही बोललो नाही. त्याच्या त्या वाक्याला माझ्याकडे पुरावा नव्हता, प्रतिवादही नव्हता.

कर्तेच दोन मतांचे

मला वाटलं होतं, थोडं थांबलं की बनवणारेच सांगतील आणि प्रकरण मिटेल. तसे ते बोललेही, आणि प्रकरण दुप्पट झालं. रूसो बंधूंनी मुलाखतींत सांगितलं की स्टीव्ह भूतकाळात राहिला तर वेगळी फांदी तयार होणारच, आणि तो परत कसा आला ही आणखी एक गोष्ट आहे. आम्ही फांदीवाल्यांनी त्या दिवशी भाजी-पावाबरोबर शिरा मागवला. मग मे महिन्यात पटकथाकार ख्रिस्तोफर मार्कस आणि स्टीफन मॅकफीली यांचं म्हणणं वाचायला मिळालं. त्यांनी फांदीची कल्पना सरळ नाकारली, आणि कारणही तेच दिलं जे मावसभाऊ पहिल्या दिवसापासून देत होता: एन्शंट वन म्हणते की स्टोन काढला तरच फांदी. म्हणजे लिहिणाऱ्यांच्या मनात एक शेवट होता आणि चित्रित करणाऱ्यांच्या मनात दुसरा. प्रेक्षक भांडतात ते त्यांना कळलं नाही म्हणून, असं आपण सहज म्हणून टाकतो. इथं प्रेक्षकांना अगदी बरोबर कळलं होतं. पडद्यावर दोन्ही शेवट होते, एकावर एक छापलेले.

शिऱ्याचे पैसे आम्हीच भरले.

प्रॉम्प्टर काकांचा निवाडा

आता लवाद नेमण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. नाव सुचलं माझ्या मोठ्या काकांचं. काका मार्दोळजवळच्या आमच्या गावच्या उत्सवी नाटकांचे चाळीस वर्षं प्रॉम्प्टर. जत्रेतली मराठी नाटकं, पौराणिक, ऐतिहासिक, क्वचित सामाजिक. पहाटेपर्यंत विंगेत बाकड्यावर बसून, हातात संहिता आणि बॅटरी घेऊन. नट घोडचूक करून तिसऱ्या अंकातला संवाद पहिल्यात बोलला तरी काकांचं बोट ओळीवरून हलत नसे. सुपरहिरो त्यांनी जन्मात पाहिलेले नव्हते. हीच त्यांची पात्रता.

चित्रपट घरच्या टीव्हीवर पाहायची सोय झाली तोवर पाऊस सरून जत्रांचे दिवस जवळ आले होते. काकांना आम्ही आधीची गोष्ट तासभर सांगितली. भाचीनं कागदावर माणसांची नावं आणि बाण काढून दिले. मग त्यांनी शेवटची वीस मिनिटं लागोपाठ तीनदा पाहिली. मध्ये कुणी तोंड उघडलं तर हात वर. तिसऱ्यांदा संपल्यावर चष्मा पुसत त्यांनी पहिला प्रश्न विचारला. आमच्या पंधरा दिवसांच्या वादात तो एकदाही आला नव्हता.

"ती ढाल खंयच्यान आयली?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. थॅनॉसनं लढाईत स्टीव्हच्या ढालीचे तुकडे केले होते. तोडलेली ढाल अर्धी हातात घेऊन तो उभा राहतो, ते दृश्य सगळ्यांच्या मोबाइलवर होतं. भूतकाळात जाताना त्याच्याजवळ स्टोनची पेटी आणि थॉरचा हातोडा, बस्स. आणि म्हातारा स्टीव्ह मात्र गोल पिशवीतून अखंड, नवीकोरी ढाल काढून सॅमच्या, म्हणजे फाल्कन या आपल्या सहकाऱ्याच्या, हातात देतो.

"ड्रेपरीवाल्यान दोन ढाली धाडल्यो?" काकांनी विचारलं. विनोद करण्यासाठी नाही. नाटकात दुसऱ्या अंकात मोडलेली तलवार चौथ्या अंकात धड दिसली की त्यांच्या लेखी एकच खुलासा, की सामान देणाऱ्यानं दोन पाठवल्या. इथं ड्रेपरीवाला कोण?

आम्ही फांदीवाले उसळलो. ढाल दुसऱ्या जगातली! मी कॅप्टन अमेरिकाच्या २०११ च्या चित्रपटाचा दाखला दिला. हॉवर्ड स्टार्क पहिली ढाल दाखवताना म्हणतो की व्हायब्रेनियम, म्हणजे ढालीचा दुर्मीळ धातू, आमच्याकडे एवढंच आहे. म्हणजे आपल्या जगात दुसरी ढाल त्यानं घडवणं अशक्य. खोडवाले तयार होते. वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशात डोंगरच्या डोंगर व्हायब्रेनियम आहे, 'ब्लॅक पँथर'मध्ये दाखवलंय. म्हातारपणी जाऊन मागून आणली असेल. काकांनी भाचीच्या कागदावर वाकांडा शोधलं. "संहितेंत आसा? तो थंय गेल्लो?" नाही. "मागीर म्हाका सांगूं नाका." मी दिग्दर्शकांच्या मुलाखतीकडे वळलो, तर तेच उत्तर. लेखक, दिग्दर्शक नाटक संपल्यावर विंगेत चहा पिताना काय बोलतात ते प्रॉम्प्टरनं ऐकायचं नसतं, असं काका म्हणाले. नट जे बोलला आणि कागदावर जे आहे, तेवढंच. मला माझ्या वहीतलं लाल शाईचं वाक्य आठवलं. स्टीव्हच्या नटाच्या कराराला मी जी कानपिचकी दिली होती तीच आता मला बसली.

मग काकांनी पैजेचं नेमकं वाक्य मागितलं. ते होतं, कारण बाणस्तारीला मावसभावानं व्हॉइस मेसेज करून ठेवलं होतं. मोबाइल मध्ये ठेवून ऐकलं. पाठीमागे रातकिडे, बँकवाल्याच्या बायकोचं हसू, आणि मावसभावाचा आवाज: "म्हातारो स्टीव्ह आमच्याच टायमलायनींतलो, हें आमी सिद्ध करतले."

काकांनी ते दोनदा ऐकलं. म्हातारा स्टीव्ह बसलाय कुठं? आपल्याच बाकावर. लग्नाबद्दल, पेगीबद्दल पैजेत एक अक्षर नाही. सॅम त्याच्या बोटातली अंगठी पाहून तिच्याबद्दल सांग म्हणतो, तेव्हा तो स्वतःच म्हणतो, नाही सांगणार. ज्या माणसानं न सांगायचं ठरवलंय त्याच्याकडून तुम्ही काय काढणार? शब्दावर गेलं तर खोडवाले जिंकले. पण ढालीचा हिशेब लागत नाही तोवर पूर्ण जिंकले असं म्हणता येत नाही.

निवाडा असा: फांदीवाल्यांनी पंधरा दिवस भाजी-पाव द्यायचा. उरलेले पंधरा दिवस राखून ठेवायचे. ढाल कुठून आली हे खोडवाल्यांनी पडद्यावरून दाखवलं तर तेही आम्ही द्यायचे. दुसऱ्या जगातून आली असं आम्ही दाखवलं तर त्यांनी आम्हाला तीस दिवस द्यायचे. भाची म्हणाली, हे अन्याय्य आहे. काकांनी तिच्या हातावर दोन लाडू ठेवले.

नंतरचं

पंधरा दिवस आम्ही भरले. पैसे तिघांत वाटले, आणि बँकवाल्याच्या बायकोनं आपला वाटा नवऱ्याच्या खिशातून काढला.

२०२१ मध्ये दोन मालिका आल्या आणि वही पुन्हा उघडली. 'लोकी' मध्ये कालरक्षकांची एक न्यायाधीश सांगते की ॲव्हेंजर्सनी कालप्रवासात जे केलं ते घडायचंच होतं. मावसभाऊ तेव्हा पुण्याला नोकरीला होता, त्यानं रात्री अकराला फोन केला. घडायचंच होतं, म्हणजे त्या खटाटोपातून फांदी राहिली नाही, म्हणजे खोड! मी म्हटलं, घडायचं होतं ते ॲव्हेंजर्सच्या मोहिमेबद्दल, स्टीव्हच्या लग्नाबद्दल ती चकार शब्द काढत नाही. अर्धा तास गेला.

त्याच्या थोडंसं आधी 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' येऊन गेली होती. तिची अख्खी गोष्ट त्याच ढालीची. सॅम ती संग्रहालयाला देतो, सरकार दुसऱ्याच माणसाच्या हातात ठेवतं, तिच्यावर रक्त सांडतं, शेवटी ती सॅमकडे परत येते. सगळे भाग संपल्यावर मी गावी जाऊन काकांना हे सांगितलं. ते अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते.

"म्हणजे ढाल दाखयली," ते म्हणाले.

"सगळ्या भागांत आहे."

"आनी खंयच्यान आयली तें?"

"ना."

काकांनी सुपारीचं साल टोपलीत टाकलं आणि पुढची सुपारी उचलली. वहीच्या शेवटच्या पानावर 'बाकी: १५ दिवस' असं लिहिलेलं आहे. पातळ भाजीचा दर तेव्हापासून दोनदा वाढला. तो जुना धरायचा की नवा, यावर खोडवाले आणि फांदीवाले यांचं अजून एकमत झालेलं नाही.